जुळे सोलापुरात गावरान बाग: बाग आखून देणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

घरापुढच्या मोकळ्या जागेत गावाकडच्या अंगणासारखी बाग करून देऊ, असे सांगणाऱ्या व्यावसायिक सेवा आता सोलापुरातही मिळू लागल्या आहेत. जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या पुढची आणि एका बाजूची मिळून सुमारे ९०० चौरस फूट जागा आम्ही अशाच एका स्थानिक सेवेकडून करून घेतली. आखणी, मातीकाम, फरशी, दगडकाम, ठिबक आणि रोपे असा सगळा मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च आला. नवी केलेली बाग कोणाचीही देखणीच दिसते, त्यामुळे काम संपताच लिहिलेल्या परीक्षणाला फारसा अर्थ नसतो. म्हणून एक कडक उन्हाळा आणि त्यामागचा पावसाळा बागेवरून जाऊ दिला आणि मगच हे लिहायला घेतले. कामातल्या उणिवा त्या सेवेला लेखी कळवल्या असून काहींबाबत बोलणे अद्याप चालू आहे, त्यामुळे तिचे नाव येथे घेतलेले नाही.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. या मंडळींनी जिथे आपल्या भागातला दगड, मुरूम आणि झाडोरा वापरला तिथे काम अव्वल झाले आहे. जिथे गावपण तयार वस्तूंच्या रूपाने विकत आणून ठेवले तिथे ते पहिल्याच पावसात उघडे पडले. दुर्दैवाने त्यांच्या माहितीपत्रकात दुसऱ्याच प्रकाराची छायाचित्रे अधिक आहेत.

पहिल्या भेटीत त्यांनी संगणकावर एक थ्रीडी चित्र दाखवले. त्यात वळणावळणाची पायवाट, तिच्या दुतर्फा लॅव्हेंडर आणि फॉक्सग्लोव्हचे ताटवे, पांढऱ्या पट्ट्यांचे बुटके कुंपण आणि वर ढगाळ, मवाळ आभाळ होते. ही इंग्लंडातली कॉटेज गार्डनची धाटणी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या श्रीमंतांच्या बागांमध्ये हंगामी रोपांची भौमितिक नक्षी मांडण्याची फॅशन बोकाळली होती. विल्यम रॉबिन्सन आणि गर्ट्रूड जेकिल या बागकामावर लिहिणाऱ्या दोघांनी त्या फॅशनवर टीका करून खेड्यातल्या घरांभोवतीच्या मोकळ्याढाकळ्या लागवडीला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या मूळच्या खेडवळ बागांमध्ये भाजी, औषधी वनस्पती, फळझाडे आणि फुले एकाच तुकड्यात गुण्यागोविंदाने नांदत, कारण राबणाऱ्या कुटुंबाला त्या तुकड्यातूनच बरेच काही काढायचे असे. आपल्या परसबागेची रीतही याहून वेगळी नाही. न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला, मोरीचे पाणी कर्दळीला, दोडक्याचा वेल कुडावर आणि दाराशी तुळस, या मांडणीत शोभेचा विचार शेवटी येतो आणि तरीही ती शोभते. तेव्हा या शैलीतला विचार सोलापुरात खुशाल आणावा, पण तिची रोपे आणू नयेत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, तिथे थंड उन्हाळ्याच्या देशातल्या फॉक्सग्लोव्हने काय करावे?

हे सांगितल्यावर आखणी करणाऱ्या तरुणाने वाद घातला नाही, ही त्याच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. त्याने चित्र बाजूला ठेवले, आईला गावाकडच्या घराचे अंगण कसे होते ते विचारले आणि तिच्या सांगण्यावरून कागदावर हाताने दुसरा आराखडा काढला. माळवदाचे घर, पुढे ओटा, ओट्याला लागून तुळशी वृंदावन, एका कोपऱ्यात रांजण आणि त्याच्या सांडणाऱ्या पाण्यावर वाढलेला गवती चहा, अशा तपशिलांतून जो आराखडा तयार झाला तो संगणकावरच्या चित्रापेक्षा कितीतरी सरस होता. आखणीचे शुल्क त्यांनी वेगळे लावले होते आणि ते मला रास्त वाटले, कारण पुढचे काम त्यांच्याकडून करून घेतले नाही तरी तो कागद आपल्या हातात राहतो.

संपूर्ण कामातला सर्वांत भक्कम भाग म्हणजे जमिनीची तयारी. आमच्या जागेत खोल काळी माती आहे. बेसाल्टचा खडक झिजून बनलेल्या या मातीतली चिकण पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जागी पाय रुतून बसतो. तिच्यावर थेट अंथरलेली फरशी एका वर्षात कुठे उचलली जाते, कुठे खचते. शेजारच्या अनेक घरांच्या पार्किंगमध्ये हे दृश्य रोज पाहायला मिळते. यांच्या गवंड्याने कामाच्या पहिल्याच दिवशी आईला बजावले, "आज्जी, काळ्या रानावर फरशी नाचतीय की ओ. मुरूम टाकल्याबिगर ऱ्हायची नाही." त्याप्रमाणे पायवाटेच्या आणि बसायच्या जागेच्या रुंदीत सुमारे फूटभर काळी माती उपसून काढली, तिथे मुरूम थराथराने भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून तो धुम्मसाने चोपला आणि त्यावर बारीक कच पसरून मग फरशी बसवली. या भरणीसाठी लागलेला वेळ आणि पैसा पाहून घरातली माणसे कुरकुरत होती. सप्टेंबरात, म्हणजे आपल्याकडे पाऊस खऱ्या अर्थाने जोर धरतो त्या महिन्यात, सलग पाऊस लागूनही पायवाटेचा एकही तुकडा हललेला नाही.

फरशी शहाबादी आहे. शहाबाद हे गाव शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूरहून वाडी जंक्शनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर येते, त्यामुळे हा चुनखडकाचा दगड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वस्तात येत राहिला आणि जुन्या सोलापुरातल्या घरांत ओसरीपासून न्हाणीपर्यंत तोच दिसतो. बागेसाठी त्यांनी पॉलिश न केलेली, दीड इंच जाडीची फरशी घेतली आणि तीही चौकोनी कापून घेण्याऐवजी वखारीत पडून असलेले वेडेवाकडे तुकडे निवडले. त्यामुळे दर कमी लागला आणि पायवाट जुनी, वापरातली वाटू लागली. दोन तुकड्यांमध्ये बोटभर सांधे सोडून त्यांत सिमेंटऐवजी मुरूम भरला. पावसाचे पाणी त्या सांध्यांतून जिरते आणि आता तिथे आपोआप हरळी उगवली आहे. ही हरळी उपटून काढावी का, असे देखभालीसाठी आलेल्या मुलाने विचारले होते. आम्ही त्याला हात लावू दिला नाही.

याच फरशीवर मात्र त्यांच्या माणसांनी एक अक्षम्य काम केले. ओट्याच्या कडेला सिमेंटचे शिंतोडे उडाले होते, ते काढण्यासाठी शेवटच्या दिवशी एका मजुराने बाथरूम धुण्याचे ॲसिड ओतून खराट्याने घासले. चुनखडकाच्या दगडावर ॲसिड पडले की तो फसफसतो आणि त्याचा वरचा थर खाल्ला जातो. त्या जागी पांढरट, खरबरीत डाग कायमचे पडले आहेत आणि ओट्यावर बसले की नेमके तेच नजरेला येतात. जे लोक शहाबादीचे काम रोज करतात त्यांना हे ठाऊक नसावे, हे पटत नाही. अशा फरशीवरचे ओले सिमेंट तिथल्या तिथे ओल्या पोत्याने पुसून घ्यायचे असते, आणि वाळलेच तर पटाशीने हळूहळू खरवडायचे असते. तेवढी फरशी बदलून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

बाजूच्या उताराला त्यांनी काळ्या डबराचा, कोरड्या रचाईचा, गुडघाभर उंचीचा बांध घातला. त्यात सिमेंट अजिबात नाही. मोठे दगड खाली, तोंडे सांधून, मधल्या फटींत चिपा ठोकून आणि मागे किंचित कललेला असा हा बांध एका वयस्क कारागिराने एकट्याने रचला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, कारण त्यात खोट काढायला जागाच नाही.

आता शोभेच्या वस्तूंकडे वळतो. 'ग्रामीण सजावट संच' या नावाने त्यांनी एक बैलगाडीचे चाक, फायबरची बुटकी विहीर आणि तिच्यावर रहाट, सिमेंटचे पण लाकडाच्या ओंडक्यांसारखे रंगवलेले दोन बैठे स्टूल आणि मातीचे म्हणून दिलेले प्लॅस्टिकचे दोन कंदील असा ऐवज देऊ केला होता. विहीर आणि कंदील आम्ही तिथल्या तिथे परत केले. चाक मात्र आईला हवे होते, म्हणून ठेवले. ते लांबून पाहिले तर खरे वाटे. जवळ जाऊन पाहिल्यावर त्याला लोखंडी धाव, म्हणजे कडेवरची पट्टी, नव्हती, धावेच्या जागी काळ्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. आरे मधल्या तुंब्यात खाच पाडून बसवण्याऐवजी खिळ्यांनी ठोकलेले होते. आणि लाकूड बाभळीचे नसून खोक्यांना वापरतात तसले हलके, पांढरे होते. जुन्या चाकात धाव तापवून लाल करतात, चाकावर चढवतात आणि वर पाणी ओततात, म्हणजे ती आवळून सगळे सांधे घट्ट धरते. ते चाक ओझ्याखाली पिढीभर टिकते ते याच रीतीमुळे. आमच्याकडच्या चाकाला ऑगस्टमध्ये बुरशी आली, सप्टेंबरात खालच्या बाजूने वाळवी लागली आणि दसऱ्याआधी एक आरा हातात आला. उसाच्या आणि मालाच्या वाहतुकीला रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून लाकडी चाके खेडोपाडी पडून असतात, ती थोडी शोधाशोध केली तर मिळतात. जवसाचे तेल पाजून, जमिनीला टेकणारी बाजू दगडावर ठेवली तर असे खरे चाक उघड्यावरही बरीच वर्षे तग धरते. तेव्हा तयार संच कोणी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. घरात माळ्यावर पडलेला पाटा, फुटलेले जाते, आजीचे उखळ यांपैकी काही असेल तर तेच अंगणात मांडावे, आणि काहीच नसेल तर जागा मोकळी राहू द्यावी.

सिमेंटच्या ओंडक्यांबद्दल एवढेच सांगतो, की मे महिन्यात दुपारी चारपर्यंत त्यांच्यावर बसता येत नाही.

रोपांच्या बाबतीत ही सेवा मला मध्यम वाटली. निवड बरीचशी चांगली होती: कुंपणाकडेला सीताफळ, कढीपत्ता आणि शेवगा, ओट्याजवळ पारिजातक, मांडवावर जुई आणि मधुमालती, वाफ्यांत गुलबक्षी, कोरांटी, अबोली, सदाफुली आणि सबजा. ही सगळी कमी लाडात वाढणारी मंडळी आहेत. माझ्या आग्रहावरून त्यांनी तरवडही लावले. सोलापूरच्या माळांवर आणि रस्त्यांच्या कडेला आपोआप उगवणारे, पिवळ्या फुलांचे हे झुडूप कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत नसते, त्यामुळे आखणीकाराला आधी नवल वाटले. पण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांना ते वेगळे सांगायला नको, कारण त्यांच्या बतुकम्मा या फुलांच्या सणातल्या रचनेत याच फुलांना मान असतो. आज बागेत सर्वांत कमी पाणी घेऊन सर्वांत जास्त फुलणारे झाड तेच आहे.

तक्रार आहे ती रोपांच्या स्थितीविषयी. बहुतेक रोपे आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम पट्ट्यातून आलेली होती. तो रोपवाटिकांचा मोठा आणि नावाजलेला पट्टा आहे, पण गोदावरीकाठच्या दमट हवेत, शेडनेटखाली वाढलेले रोप मार्च महिन्यात थेट सोलापूरच्या उन्हात लावले तर ते होरपळणारच. अशी रोपे आधी काही आठवडे झाडाच्या विरळ सावलीत ठेवून उन्हाला सरावू द्यावी लागतात आणि खरे तर लागवडच पावसाळ्याच्या तोंडावर करावी लागते. शिवाय ही रोपे पिशवीत लाल मातीच्या घट्ट गोळ्यासह येतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर दोन मातींची ओल एकमेकींत सहज मिसळत नाही; भोवतालची काळी माती चिंब दिसते आणि मुळांजवळचा लाल गोळा कोरडा राहतो. वाळलेली एक जुई आम्ही उपटून पाहिली तेव्हा पिशवीच्या आकाराचा तो गोळा विटेसारखा कडक होऊन जसाच्या तसा निघाला आणि त्याच्या बाहेर एकही पांढरे मूळ गेलेले नव्हते. लावताना कडेची लाल माती हाताने मोकळी करून मुळे उघडी करणे, हे पाच मिनिटांचे काम होते. वाळलेली रोपे त्यांनी विनाशुल्क बदलून दिली, पण बदललेल्या रोपांच्या वेळीही मला शेजारी उभे राहूनच ते करून घ्यावे लागले.

मोगरा आणि जास्वंद यांची पाने पावसाळ्यात पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. त्यांच्या माळ्याने खत कमी पडते असे सांगून युरिया टाकला आणि पिवळेपणा तसाच राहिला. आपल्या जमिनींत चुनखडीचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही, आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणे ही त्याची ओळखीची खूण आहे. हिराकशीची (फेरस सल्फेटची) सौम्य फवारणी आणि आळ्यात भरपूर कुजलेले शेणखत, एवढ्यावर पुढची पालवी हिरवी आली. डाळिंबाच्या जिल्ह्यात, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या शहरात काम करणाऱ्या माळ्याला चुनखडीच्या जमिनीतला पिवळेपणा ओळखता येऊ नये, याचे वाईट वाटते. डाळिंबाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, की आराखड्यातली डाळिंबाची दोन झाडे आम्ही वगळली. हौसेने लावलेल्या आणि मग दुर्लक्षित झालेल्या झाडावर पावसाळ्यात तेल्या रोग आला तर त्याचा उपद्रव आपल्यापुरता राहत नाही.

मागच्या भिंतीला त्यांनी शेराचे कुंपण सुचवले होते. दिसायला ते अस्सल आपल्या रानातले आणि पाण्यावाचून जगणारे. परंतु त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, हे त्यांनी आपणहून सांगितले नाही. लहान मुलांचा वावर असलेल्या घरात ते नको. आम्ही तिथे तुराट्यांची ताटी बांधून घेतली. हंगाम संपला की शेतकरी तुराट्या जळणाला काढतो, त्यामुळे त्या जवळपास फुकट मिळतात. दर दोन वर्षांनी ताटी बदलावी लागेल, पण गावरान म्हणवणाऱ्या बागेत असे बदलणे गृहीतच धरायला हवे.

हिरवळीचा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेतो. सुरुवातीच्या अंदाजपत्रकात ३०० चौरस फूट मेक्सिकन लॉन होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ३०० चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर, आणि उन्हाळ्यात गवताला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, जे आपल्या हवेत कमीच आहे, तरी रोजचे १४० लिटर एकट्या लॉनला लागतील. उजनीचे पाणी शहरात येते, पण नळाला ते काही दिवसांआड येते, आणि बोअरचे पाणी उन्हाळ्यात खोल जाते. रोज तेवढे पाणी गवतावर ओतणे मला शोभणारे वाटले नाही, आणि तसे पाहिले तर गावाकडच्या कुठल्या अंगणात लॉन असते? आपल्या भागाचे मूळचे हिरवेपण पाहायचे असेल तर पावसाळ्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडचे गवताळ माळ पाहावेत. मारवेल आणि पवन्यासारखी गवते पावसावर वाढतात, हिवाळ्यात सोनेरी होतात आणि उन्हाळ्यात निमूटपणे वाळून मुळांत जिवंत राहतात. लॉनऐवजी बहुतांश भागात चोपलेला मुरूम आणि एका कडेला मारवेलची ठोंबे, असा बदल मी सुचवला. लॉन हा त्यांच्या व्यवसायात नफ्याचा भाग असावा, तरी त्यांनी खळखळ न करता तो रद्द केला आणि अंदाजपत्रकातून तेवढी रक्कम वजा केली. मारवेलची ठोंबे मात्र त्यांना मिळाली नाहीत. ती आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणली.

ठिबकचे काम नीटनेटके आहे. झाडांना आणि झुडपांना ताशी चार लिटरचे ड्रिपर दिले असून साठ ड्रिपर अर्धा तास चालले की १२० लिटरमध्ये सगळी बाग भिजते. नळ्या मुरमाखाली झाकल्यामुळे डोळ्यांना खुपत नाहीत आणि उन्हाने चिरतही नाहीत. अडचण एकच: बोअरच्या जड पाण्यातले क्षार ड्रिपरच्या तोंडाशी साचतात आणि काही महिन्यांत निम्मे ड्रिपर मंदावतात. नळीची टोके उघडून ती वेळोवेळी धुऊन काढायची असतात, आणि हे काम मालकाने शिकून घ्यायला हवे. त्यांनी ते आईला करून दाखवले आणि आता ती ते कोणाची वाट न पाहता करते.

याखेरीज सीताफळ आणि शेवग्याच्या आळ्यांत त्यांनी कच्च्या भाजणीची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. मडके भरून झाकणी ठेवली की पाणी त्याच्या अंगातून झिरपत राहते. भोवतालची माती ओली असली तर झिरपणे आपोआप मंदावते, कोरडी झाली तर वाढते. घर बंद करून आम्ही गावाला गेलो तेव्हा याच दोन झाडांची काळजी वाटली नाही. ओट्याजवळचा रांजणही अशाच कुंभारकामाचा आहे. जड पाण्यामुळे त्याच्या अंगावर पांढरी नक्षी उठली आहे, ती आखणीकाराला घासून काढावीशी वाटते आणि आम्हाला नाही.

आच्छादनाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाफ्यांवर पसरायला म्हणून त्यांनी एक दिवस टेम्पोत कडब्याच्या पेंढ्या आणल्या, त्याही मालदांडी ज्वारीच्या. चित्रात तो सोनेरी थर फार सुरेख दिसत असेल. परंतु ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते आणि टंचाईच्या वर्षी कडब्याच्या पेंढीसाठी माणसे वणवण करतात, तिथे जनावराचा घास कुंडीभोवती शोभेला अंथरणे मला चमत्कारिक वाटले. गवंडी तर उघडच म्हणाला, "म्हशीला तर घाला की ओ ते." पेंढ्या त्याच दिवशी गाडीतून त्याच्या गावी गेल्या आणि त्याऐवजी उसाचे पाचट आले. साखर कारखान्यांनी भरलेल्या या जिल्ह्यात ऊसतोडीनंतर पाचट कितीही मिळते. अनेक जण ते शेतातच पेटवून देतात. चार बोटे जाडीचा पाचटाचा थर उन्हाळाभर ओल धरून राहिला, भेगा पडू दिल्या नाहीत आणि पावसाळ्याअखेर कुजून मातीत मिसळला. ही सूचना खर्च न वाढवता सर्वांत जास्त उपयोगी ठरली, आणि ती माहितीपत्रकात कुठेच नाही.

वागणुकीविषयी थोडक्यात: वेळेचे वचन पाळले गेले नाही, पण उशिराची कल्पना प्रत्येक वेळी आधी दिली गेली. देयकात रोपांची संख्या आणि फरशीचे क्षेत्रफळ वेगवेगळे मांडलेले होते, त्यामुळे ताडून पाहता आले. कामगार सभ्य होते, अंगण रोज झाडून जात असत. गवंडी आणि बांध रचणारा कारागीर यांचे काम आखणीकाराच्या कल्पनाशक्तीपेक्षा वरच्या दर्जाचे आहे, हे मी त्यालाही सांगितले आणि त्याने ते हसून मान्य केले.

सोलापुरात कोणी अशी सेवा घेणार असेल तर करार करताना तीन-चार गोष्टी लेखी घ्याव्यात असे सुचवेन. काळ्या मातीवर फरशी असेल तर मुरमाच्या भरणीची खोली आकड्यात लिहून घ्यावी, नुसते 'आवश्यक ती भरणी' हे शब्द चालवून घेऊ नयेत. रोपे कुठून येणार आणि लावण्यापूर्वी किती काळ स्थानिक हवेत ठेवली जाणार, हे विचारावे. उन्हाळ्यात लावलेल्या रोपांची हमी पुढच्या पावसाळ्यापर्यंत मागावी. सजावटीच्या वस्तू अंदाजपत्रकातून पूर्णपणे वेगळ्या काढून घ्याव्यात. एकरकमी दरात त्या लपून जातात.

वार्षिक देखभालीचा त्यांचा करार आम्ही घेतला नाही, कारण या बागेला दर आठवड्याला माळ्याची गरज पडत नाही आणि युरियाची तर नाहीच. पावसाळ्याआधीची छाटणी आणि मांडवाची बांधणी यांसाठी मात्र त्यांनाच बोलावणार आहे, तेही त्याच गवंड्याला आणि त्याच कारागिराला पाठवण्याच्या अटीवर. डाग पडलेली फरशी दिवाळीनंतर बदलून मिळेल असे ठरले आहे. चाकाचे पैसे परत करण्यास त्यांनी नकार दिला असून त्या बदल्यात तुराट्यांची नवी ताटी विनामूल्य बांधून देण्याची तयारी दाखवली आहे, आणि आईने ती मान्य केली आहे.